मिळवती स्त्री आणि अनुमतीचा प्रश्न

स्त्रियांच्या आर्थिक स्वावलंबनाविषयी समाजाचा दृष्टिकोन बदलावा म्हणून चित्रपट वापरावा, या सूचनेमागे एक गृहीतक असते. स्त्रीने मिळवते व्हावे की नाही हे प्रेक्षकसमूहाने ठरवायचे आणि चित्रपटाने त्याचे मन वळवायचे. म्हणजे चित्रपट अर्जदार आणि प्रेक्षक अनुमती देणारा. एकीचा हक्क असा इतरांच्या पसंतीवर सोपविणे नैतिक दृष्ट्या कितपत समर्थनीय आहे?

सोलापुरात हे गृहीतक वस्तुस्थितीपाशीच अडखळते. शहराच्या पूर्व भागातील हजारो स्त्रिया, त्यांत तेलुगुभाषक पद्मशाली मोठ्या संख्येने, पिढ्यान् पिढ्या विड्या वळत आल्या आहेत. पाने, तंबाखू, दोरा घरी आणायचा आणि हजार विड्यांमागे मजुरी घ्यायची. स्त्रीच्या या मिळवण्याला घराने हरकत घेतली नाही. कापडगिरण्या बंद पडल्यावर तर त्याचाच आधार उरला. प्रश्न होता तो त्या श्रमांतून तिच्या नावावर काय होते हा. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये ती घरे त्यांच्या हाती आली. हे घडले संघटनेच्या बळावर. आधी कुणाचे मतपरिवर्तन व्हावे लागले नाही.

मग चित्रपटाला येथे काही कार्य आहे काय? सोलापुरात शालेय शिक्षण झालेल्या जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२) या संदर्भात पाहण्यासारखा आहे. सुलभा महाजनला पगाराची गरज नाही. घर सुस्थितीत आहे, सासू स्वतः समाजकार्य करते. फावल्या वेळातील परोपकार त्या घराला चालतो. परगावच्या महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून केलेली नोकरी मात्र पचत नाही. विडीवाली आणि सुलभा यांना एकत्र ठेवले की ध्यानात येते, स्त्रीच्या श्रमांना विरोध नसतोच, त्या श्रमांतून तिला स्वतंत्र ठिकाण मिळण्याला असतो. चित्रपट ही गोष्ट दाखवितो, पटवीत बसत नाही. अखेरीस ती पुन्हा घर सोडते, तेही प्रेक्षकाची संमती न मागता.

करमाळा तालुक्यातील नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’विषयी (२०१६) लिहिताना त्याच्या उत्तरार्धाकडे काहीसे दुर्लक्षच झाले आहे. हैदराबादेत आर्ची बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला लागते, तेलुगु शिकते (सोलापूरकराला ही भाषा परकी नव्हे, हे सहज नोंदवावेसे वाटते), संसार उभा करते. तिच्या कमाईचे येथे कौतुक नाही; ती रोजच्या जगण्यात मिसळून गेली आहे. आणि हा कमावलेला संसार माहेरची माणसेच संपवितात.

असा शेवट पाहून मुली धास्तावतील, हा आक्षेप मला मान्य होत नाही. हेतुपुरस्सर काढलेल्या बोधपटात सासू शेवटी निवळते, नवरा हिशेबाची वही बायकोच्या हाती देतो. त्यावर विसंबून एखादी खरोखरच बाहेर पडली, तर पुढे जे सोसावे लागेल ते तिला एकटीलाच सोसावे लागते; दिग्दर्शक किंवा संस्था तेव्हा तिच्या घरी नसते. प्रेक्षागृहात बसलेला भाऊ बदलेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या बहिणीशी मात्र ‘सैराट’ खोटे बोललेला नाही.