‘कधीच कळणार नाही’

फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्त कॉन्त हा विज्ञानाचा शत्रू नव्हता. जे तपासून पाहता येतं तेवढंच ज्ञान, असा उलट त्याचा आग्रह होता. त्या आग्रहापोटीच १८३५ साली त्याने लिहिलं, की ताऱ्यांची अंतरं आणि गती माणूस मोजू शकेल, पण तारे कशाचे बनले आहेत हे त्याला कधीही कळणार नाही. युक्तिवाद बिनतोड वाटावा असाच होता. तारा प्रयोगशाळेत आणता येत नाही, त्याचा तुकडा मुशीत घालता येत नाही. मग त्याचं रसायन कळणार कसं?

कॉन्त १८५७ मध्ये वारला. दोनच वर्षांनी हायडेलबर्गला किर्चहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं, की प्रत्येक मूलद्रव्य वर्णपटात आपल्या ठरलेल्या जागी रेषा उमटवतं. तारा आणायची गरजच नव्हती. त्याचा प्रकाश रोज आपल्या दारात येत होता. मला अस्वस्थ करते ती मात्र वेगळीच गोष्ट. सूर्याच्या वर्णपटातल्या शेकडो काळ्या रेषा फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास टिपून ठेवल्या होत्या. म्हणजे कॉन्त ‘अशक्य’ असं लिहीत होता, तेव्हा उत्तर वीस वर्षं समोर पडून होतं. त्याची लिपी तेवढी कुणाला लागली नव्हती.

पुढे ती लिपी झपाट्याने वाचली जाऊ लागली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणातून आंध्रकडे गेली. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात द्रव्याशी जुळेना. तेच हेलियम. कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्यां’वरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने ते शोधलं, असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता आणि ऑक्टोबरमध्ये त्याने ती रेषा तिथूनच पाहिली. खरी हकिकत पुरेशी थोर आहे, तिला जोड कशाला द्यायची? पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅमसेच्या हाती लागलं ते १८९५ मध्ये. आधी सूर्यात सापडलं, मग घरात.

तरी वाट सरळ नव्हती. ताऱ्याचं तापमान आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा यांची सांगड घालणाऱ्या मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणाच्या आधारे खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेनने १९२५ मध्ये हिशोब मांडला, की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. ताऱ्यांची घडण पृथ्वीसारखीच असणार, हा तेव्हाच्या जाणकारांचा समज. त्यांच्यापैकीच एक, ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल, याच्या सल्ल्यावरून तिने आपल्याच प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असं लिहिलं. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच उत्तराला पोचला. यावेळी अडथळा साधनांचा नव्हता, विश्वास ठेवण्याच्या तयारीचा होता.

मग सीमा नाहीतच का? १८७२ साली जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ दु ब्वा-रेमोंने काही कोडी कायम अज्ञातच राहतील असं बजावलं. १९३० च्या सप्टेंबरात क्यॉनिग्सबर्गच्या सभेत गणिती हिल्बर्टने त्याला जाहीर उत्तर दिलं, की आपण जाणून घेऊच. आदल्याच दिवशी त्याच शहरात तरुण कुर्ट गोडेलने सांगून टाकलं होतं, की गणिताच्या पुरेशा समर्थ आणि सुसंगत चौकटीत त्या चौकटीतून सिद्धही करता येत नाहीत आणि खोटीही पाडता येत नाहीत अशी विधानं असतातच.

कॉन्तचा नकार आणि गोडेलचा नकार एका पारड्यात घालू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. कॉन्तने आपल्या काळातल्या साधनांची मर्यादा ही माणसाचीच मर्यादा मानली. गोडेलने ‘नाही’ हे सिद्ध करून दाखवलं. ते स्वतःच नवं ज्ञान होतं. विश्वाचं प्रसरण आजच्यासारखंच वेग घेत राहिलं, तर कित्येक दीर्घिकांमधून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही, हे दुसऱ्या जातीचं ‘नाही’. ते मोजमापांतून आलेलं आहे, म्हणून मी ते मानतो.

आजच्या हिशोबाने विश्वाचा सुमारे ९५ टक्के भाग कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यांचा आहे. ती नेमकी काय आहेत, हे कुणालाही सांगता येत नाही. घरातल्या मुलाने विचारलं तर ‘अजून ठाऊक नाही’ असंच सांगा, आणि त्यातला ‘अजून’ गाळू नका.