जत्रेचा खर्च

पूर्वी समुद्र ओलांडून परदेशी गेलेल्या माणसाला परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागत असे. पंचगव्य प्यायचं, ब्राह्मणभोजन घालायचं, की झाला शुद्ध! आता काळ सुधारला आहे. आता प्रायश्चित्त जाण्याआधीच घ्यावं लागतं, आणि तेही मासिक हप्त्यांनी.

हे ज्ञान मला झालं ते आमच्या कन्येमुळे. वय वर्षं दहा. एके रात्री आमटीभाताचा पहिला घास तोंडात असतानाच तिने जाहीर केलं, की पुढच्या नाताळात आपण हाँगकाँगच्या डिस्नेलँडला जायचं. तिथे नाताळात भल्या मोठ्या झाडावर दिवे लागतात, नाचगाण्यांचे खेळ होतात, रात्री किल्ल्यावर आतषबाजी होते आणि मुख्य म्हणजे रस्त्यावर बर्फ पडतो. शिवाय ‘फ्रोझन’ सिनेमातलं अख्खं गावच तिथे बांधलं आहे. ते २० नोव्हेंबर २०२३ रोजी उघडलं, हेही तिने सांगितलं. पानिपतच्या लढाईची तारीख या मुलीकडून दर वेळी तिळगुळाची आठवण देऊन काढून घ्यावी लागते!

‘‘बर्फ?’’ मी म्हणालो. ‘‘अगं, नकाशात बघ. हाँगकाँग आपल्या नागपूरच्या जेमतेम वर आहे. नागपुरात पडतो का बर्फ?’’

‘‘खोटा असतो, बाबा. यंत्रातून सोडतात.’’

‘‘साबणाचा फेस,’’ चिरंजीवांनी खुलासा केला. ते नववीत आहेत, त्यामुळे त्यांना सगळंच माहीत असतं.

‘‘म्हणजे साबणाचा फेस बघायला चार हजार किलोमीटर जायचं? तो मी रविवारी न्हाणीघरात फुकट दाखवतो.’’

‘‘अहो,’’ सौ. म्हणाली, ‘‘पोर हाँगकाँग मागतेय आणि तुम्ही न्हाणीघर काय दाखवताय?’’

माणूस बँकेत कारकून असला तरी घरी बाप असतो. ठराव मंजूर झाला.

आता भिवंडीकराने सुखासाठी बाहेर जावं यात तसं नवल नाही. आमच्या गावात कापड तयार होतं, ते बाहेरचे लोक नेसतात. नाशिक महामार्गालगतच्या गोदामांत मुंबईकरांची निम्मीअधिक हौस खोक्यांत भरून ठेवलेली असते. ती तिकडे रवाना होते आणि आमच्या वाट्याला तिचे ट्रक येतात. तेव्हा स्वतःसाठी काही हवं असेल तर आम्हालाही ते बाहेरूनच मागवावं लागतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री जेवणं झाली की आमच्याकडे अर्थसंकल्पी अधिवेशन भरू लागलं. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला प्रवासाची तयारी म्हणजे बॅगा भरणं असं वाटत नाही. तो आधी रकाने आखतो. विमान, हॉटेल, पार्कची तिकिटं, जेवण. हाँगकाँगला आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून मी आनंदाने तो रकाना खोडला, तर कळलं की २०१७ पासून आधी नोंदणी करावी लागते. मग टीसीएस. परदेशी सहलीचे पैसे भरतानाच सरकार कर कापून ठेवतं आणि तो पुढे विवरणपत्रात वळता करून मिळतो. ‘उगमाशी वसुली’ हा शब्द मी बँकेत हजार वेळा वापरला असेन, पण आनंदाच्या उगमाशी सरकार भांडं लावून बसलेलं प्रथमच पाहिलं.

बँकेच्या प्रवास-सवलतीतून काही भागेल का, हेही पाहिलं. पण ती वाट सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद करून टाकली आहे. प्रकरण वाचण्यासारखं आहे. एका मोठ्या बँकेतला कर्मचारी दिल्लीहून मदुराईला गेला आणि त्या प्रवासात त्याला कोलंबो, क्वालालंपूर आणि सिंगापूर लागलं! त्या काळी वरिष्ठांनी अशा सहलींची बिलं मंजूरही केली होती. न्यायालय म्हणालं, करमाफीची ही सवलत देशातल्या देशात फिरण्यासाठी आहे, आणि तीही जवळच्या वाटेने. त्या अनाम व्यावसायिक बंधूला मी मनोमन नमस्कार केला. मदुराईची मीनाक्षी एवढ्या लांबून दर्शनाला आलेला भक्त पाहून प्रसन्न झाली असेल. प्राप्तिकर खातं मात्र झालं नाही.

राहता राहिलं कर्ज. त्यामुळे रकाने वाढत गेले आणि अधिवेशनं लांबत गेली. मुलंही समोर बसलेली असत. ‘मुलांना पैशाची किंमत कळायला हवी’ हे आमच्या दोघांचं लाडकं वाक्य. मी एकेक आकडा मोठ्याने वाचायचा आणि शेवटी चष्मा काढून म्हणायचं, ‘‘बघा. हे सगळं तुमच्यासाठी चाललंय हं!’’ सौ. पुस्ती जोडायची, ‘‘मी या वर्षी एक साडी घेणार नाही.’’ वास्तविक ती साडी तिला मुळातच नको होती, पण हिशेबात ती त्यागाच्या रकान्यात गेली.

परिणाम दिसू लागला. चिरंजीवांनी नवे बूट मागणं बंद केलं. कन्येने आइस्क्रीम नाकारलं. ‘‘त्यात हाँगकाँगचे पाच डॉलर होतील ना, बाबा?’’ मला भरून आलं. केवढी समंजस मुलं! मी ती रक्कम बचतीत दाखवली.

आणि एके रात्री मी दिवा मालवायला गेलो, तर कन्या अंधारात म्हणाली, ‘‘बाबा, आपण नको जाऊ या हाँगकाँगला. मला आता फ्रोझन नाही आवडत.’’

कॅश काउंटरवर बसणाऱ्या माणसाला खोटी नोट डोळ्यांनी बघावी लागत नाही, हाताला कळते. दहा मिनिटांपूर्वी हीच मुलगी मोरीत दात घासताना त्या सिनेमातलं गाणं गुणगुणत होती. नोट खोटी होती आणि ती मीच चलनात आणली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलेला नियम आठवत राहिला : घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं खातं जमा. व्यवहारात नियम चोख आहे. पण घरात तो लावला की काय होतं? मी पोरीला सहल देत नव्हतो. सहल तिच्या नावे टाकत होतो. रोज रात्री तिला तिच्या खात्याचा उतारा वाचून दाखवत होतो. ज्याची रक्कम घेणाऱ्याला पुन्हा पुन्हा ऐकवली जाते, त्याला आम्ही बँकेत कर्ज म्हणतो. बक्षीसपत्राला कोणी वसुलीच्या नोटिसा जोडत नाही. आणि दहा वर्षांच्या प्रामाणिक कर्जदाराने काय करावं? तिने मुदतीआधीच कर्ज नाकारलं.

सकाळी मी हे सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘म्हणजे मुलांना काही सांगायचंच नाही? मग उद्या चंद्रावर न्या म्हणतील. आईबाप काय झाडाला पैसे हलवून पाडतात, असं वाटायचं त्यांना!’’ तिचंही काही खोटं नव्हतं. वादात बायकोचं म्हणणं बरोबर निघालं की वाद वाढवावा लागतो, तसा मी तो वाढवणार, इतक्यात देवघरातून आई म्हणाली, ‘‘वज्रेश्वरीला गेलो होतो, तेव्हा तू किती रे होतास?’’

‘‘आठ वर्षांचा. अठ्ठ्याऐंशी साल.’’

वज्रेश्वरी आमच्याच तालुक्यात. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर मंदिर बांधवलं, असं सांगतात. चैत्र अमावास्येला तिथे मोठी जत्रा भरते. माझे वडील एका यंत्रमागाच्या कारखान्यात मेहताजी होते, म्हणजे वहीखातं सांभाळायचे. लूमच्या खडखडाटात दिवसभर बसून संध्याकाळी घरी यायचे ते केसांवर, भुवयांवर सुताचं पांढरं तूस घेऊन. सगळ्यांचे वडील संध्याकाळी म्हातारे होतात आणि अंघोळ केली की पुन्हा तरुण होतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. खोट्या बर्फाला हसणाऱ्या मला हा बर्फ आठवायला इतके दिवस का लागले, कोण जाणे.

त्या जत्रेचं मला सगळं आठवतं. एस.टी.तली खिडकी, देवळाच्या दगडी पायऱ्या, आकाशपाळणा, आणि ‘मौत का कुआँ’. लाकडी विहिरीत मोटारसायकल भिंतीवरून गरगर फिरायची. कठड्याशी इतकी गर्दी, की वडिलांनी मला खांद्यावर घेतलं. मी सगळा खेळ पाहिला. त्यांच्या डोळ्यांपुढे पुढच्या माणसाची टोपी होती.

‘‘त्यांना काय दिसलं असेल?’’ मी आईला म्हणालो.

‘‘टोपी नसती तरी दिसलं नसतं,’’ आई म्हणाली. ‘‘त्या महिन्यात त्यांचा चष्मा बदलायचा होता. तो राहिला.’’

मी गप्प. सदतीस वर्षांनी मला हे कळत होतं.

‘‘तू कधी बोलली नाहीस.’’

‘‘सांगू नको म्हणाले होते. आता सांगायला हरकत नाही. इतक्या वर्षांचं तू काय फेडणार?’’

मग तिने कपाटातून वडिलांची घरखर्चाची वही काढली. मेहताजींचं घरही मेहताजींसारखंच चालायचं. काडेपेटी, सुई, न्हाव्याचे पैसे, पाहुण्यांसाठी आणलेली दोन केळी, सगळं तारीखवार. चैत्र अमावास्येचं पान मी दोनदा पाहिलं. दूध होतं, भाजी होती. जत्रेची ओळ नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैपैचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाने ही एक नोंद करायची विसरावी, हे शक्यच नाही.

आमचा वाद तिथेच मिटला, पण सौ.चा मुद्दा मी खोडला नाही. मुलांना पैशाची किंमत कळायलाच हवी. बुटांची किंमत कळावी, विजेचं बिल कळावं, ‘आपल्याकडे एवढे आहेत, एवढे नाहीत’ हेही उघड सांगावं. त्यात लाज कसली? वडिलांनीही मला पुष्कळदा ‘नाही’ म्हटलं होतं. मुलांना वस्तूची किंमत कळावी. त्यांच्यापायी आपल्याला काय पडलं, ते मात्र आपल्यापाशीच राहावं. पहिल्याने मूल शहाणं होतं, दुसऱ्याने ऋणको.

रात्री शेवटचं अधिवेशन भरलं. मी सांगितलं, ‘‘हाँगकाँगला जायचं. पण या नाताळात नाही, त्याच्या पुढच्या. तोवर पैसे साठतील. कर्ज काढायचं नाही.’’ एवढंच. चष्मा काढला नाही. कन्येने दोन मिनिटं तोंड फुगवलं, मग मोरीत जाऊन मोठ्याने तेच गाणं म्हटलं. सुरांच्या बाबतीत तिच्यावर माझा परिणाम झाला आहे, पण त्या रात्री ते बरं वाटलं.

यंदाच्या चैत्रात आम्ही वज्रेश्वरीला गेलो. कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे देशातल्या देशात आणि जवळच्या वाटेने. पाळणा होता. कन्येला खांद्यावर घेतलं, तर पाठीत कळ आली. वडिलांनी खर्च का लिहिला नव्हता, ते तेव्हा कळलं. वर ती ओरडत होती, ‘‘बाबा, बघा, बघा!’’ आणि तिच्या टाचा माझ्या छातीवर आपटत होत्या. समोर माझ्याही एक टोपी होती. तरी मला सगळं दिसत होतं.

घरी येताना तिने विचारलं, ‘‘बाबा, आज किती खर्च झाला?’’

नोकरीला लागताना आम्ही निष्ठा आणि गोपनीयतेच्या कागदावर सही करतो. सव्वीस वर्षांत तिचा असा उपयोग कधी झाला नव्हता.

‘‘बाळ,’’ मी म्हणालो, ‘‘दुसऱ्याच्या खात्याची माहिती आम्हाला देता येत नाही.’’