कमी खाण्याचं कौतुक

शिकागोच्या रश विद्यापीठात १९९७ पासून एक अभ्यास चालू आहे. त्यात येणारी वयस्क माणसं दरवर्षी तपासणी करून घेतात आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधनाला देण्याचं आधीच लिहून देतात. त्यामुळे माणूस जिवंतपणी कसा वागत-बोलत होता आणि त्याच्या मेंदूत प्रत्यक्ष काय घडलं होतं, हे ताडून पाहता येतं. लिंडसे वॉलेस, केनेथ रॉकवुड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशा ४५६ जणांची माहिती तपासली, तेव्हा हिशेब सरळ जुळेना. ३५ जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर, पण त्यांना डिमेन्शिया नव्हता. ५० जणांना डिमेन्शिया होता आणि मेंदूत खुणा थोड्याच. या कोड्याचा एक धागा शरीराच्या जर्जरतेपाशी निघाला. खंगलेल्या शरीरात मेंदूतला थोडा बिघाडही भोवत होता. धडधाकट शरीर बराच बिघाड रेटून नेत होतं. अर्थात एवढ्यावरून जर्जरतेमुळेच डिमेन्शिया होतो, असं म्हणता येत नाही. पण विस्मरणाचा सगळा मामला कवटीच्या आतच मिटतो, ही समजूत मात्र आता टिकत नाही.

लिंडा फ्रीड यांनी २००१ मध्ये जर्जरतेची पाच लक्षणं ठरवून दिली: न ठरवता घटलेलं वजन, सततचा थकवा, मुठीची कमी झालेली ताकद, मंदावलेली चाल आणि घटलेली हालचाल. यातली तीन आढळली की माणूस जर्जर. आपल्या घरांत ही लक्षणं रोज डोळ्यांसमोर असतात आणि ‘वय झालं आता’ म्हणून मिटवली जातात. आजीच्या बांगड्या कोपराकडे सरकतात, ब्लाउजला आतून टीप घालावी लागते, कुकरचं झाकण उघडायला कुणाला तरी हाक मारावी लागते. आपण तिला विचारतो काय, तर मधल्या नातवाचं नाव आठवतंय का!

आहाराचा विषय निघाला की आरोग्यपुरवण्या अक्रोडाकडे धावतात. (तो मेंदूसारखा दिसतो, हे त्याचं मोठं भांडवल.) रशमध्येच मार्था क्लेअर मॉरिस यांनी पालेभाज्या, बेरी, कडधान्यं आणि सुकामेवा यांवर भर देणारा ‘माइंड’ आहार मांडला. निरीक्षणांत तो फार आशादायक वाटला. मग ६०४ जणांवर तीन वर्षांची रीतसर चाचणी झाली. २०२३ मध्ये निकाल आला: माइंड आहार घेणारे आणि नेहमीचंच जेवणारे, दोन्ही गटांची बौद्धिक कामगिरी थोडी सुधारली, पण दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दोन्ही गटांना थोडं कमी खायला सांगितलं होतं आणि वजनंही दोन्हीकडे उतरली. मुळात जास्त वजन असणाऱ्यांनाच या चाचणीत घेतलं होतं.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभर ‘लासी’ सर्वेक्षण केलं. त्यात साठीपुढची २७ टक्के माणसं कमी वजनाची निघाली. त्याच प्रकल्पाला जोडून झालेल्या अभ्यासात साठीपुढच्यांमधलं डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं अनुमान आलं. एवढ्या हडकुळ्या म्हातारपणाला शिकागोतल्या वजनदारांचा सल्ला कसा लागू पडेल? बेरी कुठून आणायच्या हा आपला प्रश्नच नाही. पानात पुरेसं काही पडतं का, हा आहे.

यात एक गुंता आहे. लंडनच्या सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात पन्नाशीतला लठ्ठपणा पुढच्या डिमेन्शियाशी जोडलेला दिसला; पण निदानाच्या सुमारे आठ वर्षं आधीपासून त्याच रोग्यांची वजनं उतरू लागलेली होती. म्हणजे वजन घटणं हे आजाराचं कारण असू शकतं, तसंच त्याची पहिली चाहूलही. वास कमी येतो, भूक मंदावते, दूध उतू जातं, मग एकट्यापुरता स्वयंपाक नकोसा होतो. काहीही असलं तरी उतरणाऱ्या वजनाकडे काणाडोळा करायला ही सबब होत नाही.

पण आपल्याकडे कमी खाण्याचं कौतुक असतं. ‘आईचं काही नसतं हो, चहा-खारीवर दिवस काढते,’ हे लेकी-सुना अभिमानानं सांगतात. त्यात डॉक्टरांची भर. एकानं साखर बंद केली, दुसऱ्यानं तूप, तिसऱ्यानं मीठ. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर असेल. सगळे मिळून पानात काय उरलं, हे कुणी पाहत नाही. म्हातारपणी प्रथिनं जास्त लागतात: तज्ज्ञांच्या मते वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. पण एरवी पन्नास किलोच्या बाईला पन्नास-साठ ग्रॅम हवेत, आणि वाटीभर पातळ वरणातून जेमतेम पाच-सहा मिळतात. कवळी नीट बसत नाही म्हणून उसळ सुटली, गुरुवार-एकादशी आहेतच, अंडं घरात चालत नाही, दूध नातवंडांसाठी. पन्नास ग्रॅम येणार कुठून?

आईला विसरायला होतं म्हणून घरचे स्कॅनसाठी हजारो रुपये मोजतात. केसपेपरवर वजनाचा रकाना असतो आणि तो भरलाही जातो. मागच्या वर्षीचा कागद काढून दोन आकडे शेजारी ठेवायला अर्धं मिनिट लागतं. ते काम डॉक्टरांनी केलं नाही, तर घरातल्या कुणीतरी करावं.