कळ दाबण्याआधी

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी पत्नी मैत्रेयीला श्रवणापाशी थांबू देत नाही. मनन आणि निदिध्यासनही, म्हणजे सततचे सखोल चिंतनही, हवे, असे सांगतो. वर्गातला पडदा मात्र बहुधा श्रवणातच अडकतो: व्हिडिओ संपतो, मुले माना डोलावतात. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ या संगणकीय प्रतिरूपांच्या प्रकल्पातले आभासी विद्युत परिपथ वेगळे काही करू शकतात. दुसरा बल्ब एकसर जोडला तर पहिल्याचा उजेड कमी होईल का, हे आधी वहीत लिहायचे, मगच कळ दाबायची. अंदाज चुकला की मूल स्वतःच्याच समजुतीला प्रश्न विचारू लागते. मनन ते हेच. खऱ्या तारा हाताळणे अधिक चांगले, हा आक्षेप रास्तच आहे, आणि साहित्य असेल तिथे ते आधी द्यावे. पण तारेतले इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत. पडद्यावर त्यांची कल्पना तरी करता येते. अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत अंदाज लिहिण्याची ती दोन मिनिटे मात्र शिक्षकांनी कापू नयेत.