कोंबडे आणि सूर्य

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण आम्ही जोयड्याच्या मराठी घरांत ऐकत आलो. एक कन्नड लोककथा नेमके उलट सांगते : म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात सूर्यच उगवत नाही. तिच्यावर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील दूरचित्रवाणी विभागाचे विद्यार्थी चिदानंद नाईक यांनी १६ मिनिटांचा लघुपट केला. २०२४ साली कान महोत्सवात त्याला विद्यार्थी-चित्रपटांतील पहिले पारितोषिक मिळाले. गुण परीक्षकांच्या कौलाआधीही होताच. तेथे म्हण खरी. परंतु पारितोषिक नसते तर, पिढ्यान्‌पिढ्या कन्नड मुलखात राहूनही, ती कथा आमच्या कानी आली नसती. तेथे लोककथाच खरी. छायाचित्रणाचे सूरज ठाकूर, संकलनाचे मनोज व्ही., ध्वनीचे अभिषेक कदम यांची निदान नोंद तरी झाली. कथा जपणाऱ्या आज्यांचे काय? पारितोषिक सरकारी असो वा फ्रेंच, त्याच्या अर्जात त्यांच्यासाठी रकाना नसतो.