आश्रितरक्षण हाच खरा धर्म

महाभारताच्या सतराव्या पर्वास महाप्रस्थानिक पर्व असे नाव आहे. परीक्षितास राज्यावर बसवून पाचही पांडव द्रौपदीसह हस्तिनापुराबाहेर पडले, तेव्हा एक कुत्राही त्यांच्यामागून चालू लागला. पुढे हिमालयापलीकडील वाटेवर द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन व भीम एकामागून एक कोसळले. अखेरीस धर्मराज युधिष्ठिर आणि तो मुका जीव एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन सामोरा आला. परंतु स्वर्गात कुत्र्यास स्थान नाही, असे त्याने बजावले. धर्मराजाने कुत्र्यास सोडून रथात बसण्याचे नाकारले.

‘पत्नी व बंधू यांना मागे टाकलेस, मग या कुत्र्याचाच मोह का?’ असे इंद्राने विचारले. धर्मराजाचे उत्तर मननीय आहे. ते गतप्राण झाले होते, त्यांना परत आणणे त्याच्या हाती नव्हते. जिवंतपणी त्याने कोणालाही टाकले नव्हते. हा कुत्रा मात्र जिवंत आहे आणि त्याच्या भरवशावर आला आहे. शरणागतास भयभीत करणे, स्त्रीहत्या, ब्राह्मणाच्या धनाचे हरण व मित्रद्रोह या चार पापांच्या तोडीचे एकच पाप, ते म्हणजे आश्रिताचा त्याग. हे ऐकताच कुत्र्याच्या रूपातील साक्षात धर्म प्रकट झाला.

त्या कुत्र्याकडून धर्मराजास काही मिळणार होते काय? राखण नाही, शिकार नाही. त्याचा केवळ विश्वास होता, आणि तेवढ्यावरच त्याचा अधिकार सिद्ध झाला. आज रस्त्यावरील अपघातातून वा आजारातून वाचवलेला, दृष्टी गमावलेला कुत्रा निवाऱ्यात कोणाची तरी वाट पाहत असतो, तेव्हा हीच कसोटी पुन्हा समोर उभी राहते. पाहणारे हळहळतात, डोक्यावरून हात फिरवतात आणि डोळस पिल्लू निवडून घरी नेतात.

आंधळा कुत्रा सांभाळणे कठीण, ही भीती बहुतांशी अज्ञानातून येते. कुत्र्याचे पिल्लू जन्मतःच डोळे मिटलेले असते. सुमारे दोन आठवडे ते उबेच्या व वासाच्या आधारे आईपर्यंत पोहोचते. पुढेही त्याचे जग मुख्यतः घ्राणेंद्रियाचेच असते. म्हणून अन्नपाण्याची भांडी व अंथरूण एकाच जागी ठेवावे, घरातील सामान वारंवार हलवू नये, जिन्याच्या तोंडाशी अडसर लावावा, फिरवताना दोरी सोडू नये आणि स्पर्श करण्यापूर्वी नावाने हाक मारावी. एवढ्या व्यवस्थेने असा कुत्रा थोड्याच काळात घराचा कानाकोपरा ओळखू लागतो व हाक ऐकून शेपटी हलवीत येतो.

तथापि हे व्रत क्षणिक कळवळ्याने घेऊ नये. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे, क्वचित अधिकही असते. लसीकरण, नसबंदी, औषधोपचार यांचा खर्च असतो; काचबिंदूसारखा विकार वेदनादायक असल्याने पशुवैद्याचा सल्ला नियमित घ्यावा लागतो. घरातील सर्वांची संमती हवी. आंधळ्या जीवाने पावलांनी मोजून पाठ केलेले घर पुन्हा हिरावले गेले, तर तो दुसऱ्यांदा पोरका होतो. प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्यास सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा ठरविला आहे. धर्मराजाने जे पाप मानले, तेच येथे कायद्यानेही निषिद्ध केले आहे.

ज्यांना घर देणे शक्य नाही, त्यांनी एखाद्या निवाऱ्यातील अशा जीवाच्या अन्नाचा वा औषधांचा भार नेमाने उचलावा. एके दिवशीच्या मोठ्या देणगीपेक्षा न चुकणारी लहान देणगी आश्रितास अधिक उपयोगी पडते. कारण भूक रोजची असते.

श्रीदत्तप्रभूंच्या चरणांशी असलेल्या चार श्वानांना भाविक चार वेद मानतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या संत नामदेवांची कथा घरोघरी सांगितली जाते. त्या मूर्तीपुढे हात जोडणाऱ्याने व ती कथा ऐकणाऱ्याने दारी आलेल्या दृष्टिहीन जीवास हाकलू नये. त्याला आपला दाता दिसत नाही; दात्याचे नाव, मान वा संपत्ती तो जाणत नाही. तो जाणतो केवळ हाताचा स्पर्श आणि ओळखीचा आवाज. असे दान ज्याच्या हातून घडते, त्यास कौतुकाची अपेक्षा उरत नाही, आणि निष्काम सेवा म्हणतात ती हीच.

॥ शुभं भवतु ॥