नाबोथाचा मळा आणि बंद दाराआडची भेट



नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे (१ राजे, अध्याय २१). अहाब राजाला राजवाड्यालगतचा मळा भाजीच्या बागेसाठी हवा होता. वाडवडिलांचे वतन म्हणून नाबोथाने तो द्यायला नकार दिला. पुढे नाबोथाचा जीवही गेला आणि मळाही गेला. ही कथा ऐकताना एक गोष्ट मात्र आपल्या नजरेतून निसटते. नाबोथाचा निवाडा चारचौघांत झाला. गावचे वडीलजन हजर होते, उपवास जाहीर झाला होता, दोन साक्षीदारही उभे होते. वरवर पाहता सारे रीतसर होते. गुप्त होती ती फक्त ईजबेल राणीने राजाच्या नावाने, त्याची मोहर लावून धाडलेली पत्रे. निकाल त्या पत्रांतच लागला होता.

यावरून एक प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. जमिनीच्या वापराविषयी सत्तेवरील माणसाला कोण भेटले आणि त्याने काय मागितले, हे जाणण्याचा इतरांना हक्क आहे काय? पैशाची देवघेव झालीच नसेल, तर बंद दाराआडच्या भेटीत वाईट ते काय?

कॅथलिक परंपरेच्या आयर्लंड देशाला या प्रश्नाचे उत्तर फार महागात पडले. डब्लिन शहराभोवतीच्या जमिनी बांधकामासाठी खुल्या करायच्या की नाहीत, हे स्थानिक परिषदेचे सदस्य मतदानाने ठरवीत. नकाशावरचा रंग बदलला की जमिनीचा भाव कितीतरी पटींनी वाढे. संशय बळावत गेला आणि १९९७ साली चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अंतिम अहवाल यायला २०१२ साल उजाडले. फ्रँक डनलॉप हे एकेकाळचे सरकारचे प्रसिद्धी सचिव पुढे बिल्डरांचे मध्यस्थ झाले होते. मतांसाठी परिषद सदस्यांना पैसे दिल्याचे त्यांनी २००० साली आयोगापुढे सांगितले आणि २००९ साली त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. परिषदेतले मतदान तर उघडपणे झाले होते. नाबोथाच्या गावाप्रमाणेच खरा व्यवहार सभेच्या आधी उरकला होता.

२०१५ साली त्या देशाने लॉबिंगचा कायदा केला. मंत्री, खासदार, परिषद सदस्य किंवा वरिष्ठ अधिकारी यांच्याकडे कोणी कोणत्या कामासाठी शब्द टाकला आणि त्यातून काय साधायचे होते, याची नोंद वर्षातून तीनदा करावी लागते. ती कोणालाही पाहता येते. इतर विषयांत हा कायदा मुख्यतः संस्था, कंपन्या आणि धंदेवाईक मध्यस्थ यांच्यापुरता आहे. जमिनीच्या विकासाबाबत मात्र तो सर्वांना लागू आहे: बिल्डरला, शेतकऱ्याला आणि धर्मसंस्थेलाही. सूट आहे ती स्वतःच्या राहत्या घरापुरती.

कोणी म्हणेल, प्रत्येक भेटीची नोंद म्हणजे प्रत्येकावर संशय. आपल्या ख्रिस्तसभेची एक जुनी रीत आठवून पाहू या. लग्न ठरले की वधूवरांची नावे चर्चमध्ये जाहीर होतात. त्यात आपल्याला अपमान वाटत नाही. कोणाला काही अडचण माहीत असेल, तर ती वेळेवर सांगता यावी, एवढाच त्यामागचा हेतू असतो. जमिनीचेही तसेच आहे. शेजारच्या वाडीवर टॉवर उभा राहिला की आपल्या विहिरीचे पाणी, पावसाळ्यात पाण्याला जाणारी वाट, अरुंद रस्ता, सारेच बदलते. ज्यांना परिणाम भोगायचे आहेत, त्यांना निर्णयाआधी बोलता आले पाहिजे. ते बोलणे हिरावून घेणे हाच गुप्त भेटीतला अन्याय आहे, मग पाकीट दिलेले असो वा नसो.

नोंदवहीने लबाड माणूस साधू होत नाही. लाच देणारा ती नोंदवहीत लिहिणार नाही, हेही खरे. पण नियम असला की भेट लपवणे हाच गुन्हा ठरतो. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले होते, की विकासकामांचे परिणाम तपासण्याची प्रक्रिया पारदर्शक आणि दबावमुक्त हवी आणि तिथे स्थानिक लोकांचे म्हणणे ऐकले जावे.

आपल्या देशात अशी नोंद सक्तीची करणारा कायदा नाही. महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने निर्णयाची कारणे बाधितांना सांगणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. पण हरकतींच्या आधी कोण कोणाला भेटले, हे कोठेच लिहिले जात नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचा लढा उभा राहिला, तो लोक उघडपणे रस्त्यावर आले म्हणून. भेटींची नोंद व्हावी ही मागणीही तशीच उघडपणे, मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे आपण मांडली पाहिजे.

मात्र ती मांडताना आयर्लंडचा शेतकरी विसरू नये. कायद्याने बिल्डरबरोबर त्यालाही धरले, कारण मोह दोघांनाही होतो. आपल्या सातबाऱ्यावरचे आरक्षण उठावे म्हणून ओळखीच्या साहेबांच्या कानावर घालायला आपणही जातो. तसे जाण्यात पाप नाही, गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. फक्त निघण्यापूर्वी स्वतःला विचारू या: माझी ही मागणी रविवारच्या मिस्सानंतर सूचनांबरोबर वाचून दाखवली, तर माझे शेजारी ती ऐकत असताना मला मान खाली घालावी लागेल काय? नसेल, तर निर्धास्त जावे. लागणार असेल, तर त्या मळ्याचा नाबोथ कोण, हे आधी शोधावे.